काचेच्या कपाटातलं यंत्र

आमच्या पद्मजा मॅडमच्या वर्गाला विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर मिळाला आणि त्याच दिवसापासून मॅडमचं शिकवण्यावरचं मन उडालं. तुम्हाला हे उलटं वाटेल. वाटू द्या. मी त्याच शाळेत मराठी शिकवतो, सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलंय आणि अजून आठवलं की डोकं तापतं.

मॅडम मूळच्या मलकापूरच्या. वडील पोस्टात कारकून. नोकरीसाठी वरवट बकालला आल्या, खोली घेऊन राहिल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. आता आपल्याकडे प्रकल्प म्हणजे काय, तर थर्माकोल, चमकीचा कागद, नाहीतर दुकानातून आणलेला तयार ज्वालामुखी. मास्तर खूश, पोरं खूश, आईबापही खूश. मॅडमना या प्रकाराची शिसारी होती. त्यांच्या वर्गात पोरांनी घरातल्या कुणाचा तरी त्रास शोधायचा, त्यावर काहीतरी बनवायचं, ते त्याच माणसाच्या हातात द्यायचं आणि आपण तोंड बंद ठेवून बघायचं. दुसऱ्या दिवशी मॅडमचा एकच प्रश्न, "कुठं बिघडलं?" काहीच बिघडलं नाही म्हणणाऱ्याला त्या पुन्हा घरी बघायला पाठवायच्या. फसलेला नमुना फेकायचा नाही. तोही शेजारी मांडायचा, त्यालाही मार्क.

प्रतीक्षा तेव्हा नववीत होती. तिची आई गोजरबाई हंगामात वाळल्या मिरचीची देठं तोडायला जायची. संध्याकाळी हातांची अशी आग व्हायची, की बाई ओठ दाताखाली धरून भाकरी थापायची. पोरीनं आईसाठी देठं तोडायचं यंत्र करायचं मनावर घेतलं. पाइपाच्या दोन तुकड्यांवर सायकलची जुनी ट्यूब चढवली, बाजूला हँडल बसवलं. हे दोन रूळ फिरले की फटीत देठ ओढलं जावं आणि मिरची वर राहावी, असा बेत. पहिल्या यंत्रानं मिरचीच चिरडली आणि अख्खी गल्ली शिंकत बसली. दुसरं चाललं, पण गोजरबाई म्हणाली, "हे उभ्यानं फिरवाचं हाये का वं? आमी तं बसूनच काम करतो." मग यंत्राचे पाय कापले. तिसऱ्यात फट मोठी झाली. चौथं मात्र जमलं. गोजरबाईनं टोपलंभर मिरची हात न लावता निवडली आणि मग आपलेच तळहात उलटेसुलटे करून बघत राहिली. मॅडम स्टाफरूममध्ये आल्या आणि मला म्हणाल्या, "सर, काल त्या बाईनं भाकरी करताना ओठ नाही चावला." इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

संग्रामपूरला तालुक्याचं प्रदर्शन ठरलं. आमचे मुख्याध्यापक उकंडराव सर माणूस म्हणून वाईट नाहीत, पण शाळेच्या नावाचा विषय निघाला की त्यांच्या अंगात येतं. मॅडमनी चारही यंत्रं ओळीनं मांडलेली बघून ते म्हणाले, "हे भंगार काऊन मांडून राह्यल्या मॅडम? शाळेची इज्जत जाईन ना." मॅडमनी समजावलं, की ही तीन फसली म्हणूनच चौथं झालं, खरं शिक्षण तेच आहे. सरांनी मान डोलावली. आणि मॅडम वर्गावर गेल्यावर दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर बोलावून घेतला. तीन यंत्रं भंगारवाल्याच्या गाड्यावर गेली. चौथ्याला लालभडक ऑइलपेंट, कडेनं सोनेरी पट्टा, दर्शनी बाजूला शाळेचं नाव. पेंटरनं इमानदारीनं रुळांनाही रंग दिला. यंत्र कापडात गुंडाळून थेट गाडीत चढवलं.

संग्रामपूरला कापड निघालं. प्रतीक्षानं हँडल धरलं. रंग वाळून दोन्ही रूळ एकमेकांना चिकटले होते. "मॅडम, हे फिरून नाही राह्यलं," ती रडवेली होऊन म्हणाली. मॅडमनी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला, तर उकंडराव सरांनी हात आडवा घातला. "राहू द्या, रंग उडन."

तेवढ्यात परीक्षक आले. रंग ओला असेल म्हणून एक पाऊल मागंच उभे राहिले. "वा, काय फिनिशिंग आहे," म्हणाले. मॅडम पुढं झाल्या. "सर, हे चालत नाही. हँडल फिरवून बघा ना." परीक्षक हसले. "मॅडम फारच विनयशील आहेत," म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. दिवसभरात त्या हँडलला कुणी बोट लावलं नाही. संध्याकाळी पहिला नंबर जाहीर झाला. फोटोत उकंडराव सर मधोमध आहेत. मॅडम फोटोत नाहीत.

मिरचीचा हंगाम आला. गोजरबाई डोक्यावरचा पदर सावरत शाळेत आली आणि यंत्र मागू लागली. सर म्हणाले, "बाई, ते आता शाळेचं झालं. पाहुणे येतात, त्याईले दाखवा लागते." यंत्र ऑफिसातल्या काचेच्या कपाटात होतं, ट्रॉफीच्या शेजारी. मॅडम पुष्कळ भांडल्या. "रंग तरी खरवडू द्या, बाईच्या हाताची आग होते हो," म्हणाल्या. सरांनी किल्ली दिली नाही. पोरीनं दुसरं करायला घ्यायचं, तर मापं जुळवलेले सगळे नमुने केव्हाच भंगारात वितळले होते. गोजरबाई काचेतून थोडा वेळ बघत राहिली आणि कामावर निघून गेली.

यंदा प्रतीक्षा दहावीत आहे. प्रकल्पाच्या दिवशी ती मलकापूरहून विकत आणलेलं थर्माकोलचं धरण घेऊन आली. बटण दाबलं की निळे दिवे लागतात. मॅडमनी बटण दाबून बघितलं. मग सवयीनं विचारून गेल्या, "कुठं बिघडलं?"

"हे बिघडत नाही मॅडम. हे काही करतच नाही," पोरगी शांतपणे म्हणाली. "हे कपाटात गेलं तरी मायचं काही जात नाही."

मॅडमनी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले.