शेवटच्या बाभळीवरची चिंधी

आधी रजियाखालांचं नाव लिहितो, कारण त्या नसत्या तर हे लिहायला मीच नसतो. अकोल्यात मोर्णा नदीच्या काठी त्या बकऱ्यांसाठी गवत कापतात. आमची ओळख रोजच्या "काय बाबू, जेवला का?" एवढीच.

मी मालवणकडचा. शाळा आठवीत सुटली, लिहिण्यात चुका असतील तर सांभाळून घ्या. भुताखेतांच्या गोष्टी आमच्याकडे घरोघरी, पण माझा कधी विश्वास नव्हता… आजही आहे असं म्हणवत नाही.

नदीकाठी बगीचा करायचं घाटतंय. त्याआधी काठावर कुठली झाडंझुडपं आहेत आणि पूर कुठवर चढतो, ते बघायचं काम आमच्याकडे, म्हणजे मोजणीवाले वानखडे सर आणि त्यांचा मदतनीस मी. पुराची खूण झाडावरच असते — पाणी उतरलं की फांद्यांत चिंध्या, पिशव्या, पोरांचे वापरलेले डायपर अडकून राहतात. सगळ्यात वरच्या चिंधीला उंच पट्टी लावायची नि आकडा वहीत लिहायचा. जेवताना बोटांना वास यायचा, घास तोंडात फिरायचा.

मे महिना, भर दुपार. वानखडे सर लांब मोजणीच्या यंत्रापाशी. मी काठावरच्या शेवटच्या बाभळीला पट्टी लावली. बाकी झाडांवरच्या चिंध्या उन्हानं कडक वाळलेल्या… इथली मात्र गळत होती. काळं, चिकट, थंडगार. मान वर केली तर एक थेंब ओठावर, खाली वहीत बघितलं तर मानेवर धार, पानावरही डाग. सडक्या मासळीचा वास — मी मासळीवर वाढलेला माणूस, तरी नाक दाबून धरलं.

तेवढ्यात आवाज आला, "मंग ये… मंग ये…"

वाटलं, सर म्हणतायत, मग ये, पुढचं झाड घे. तोंड पुसत पुढे निघालो. समोर हिरवंगार सपाट. ती जमीन नव्हती, जलकुंभी होती, आणि खाली गाळ. कंबरेपर्यंत गेलो. पाय हलवला की आणखी खाली. कोमट बुडबुडे मांड्यांना चाटून वर येत होते.

खालांनी गवताच्या भाऱ्याचा दोर फेकला, दुसरं टोक त्याच बाभळीला गुंडाळलं आणि ओढलं.

"मी कवाची बोंबलून राहिली, मांगं ये, मांगं ये. अन् तू पुढंच चाल्ला. काहून?"

मांगं म्हणजे मागे. वर्ष झालं इथे येऊन, तरी माझ्या कानांनी 'मग' ऐकलं.

सर धावत आले. "आंघोळीले हेच गंगाळ सापडलं काय बे?" म्हणाले, पण मला काखेत धरून त्यांनीच उभं केलं.

खाला ओढणीनं माझं तोंड पुसता पुसता थांबल्या. "गाळ तं कंबरेलोक होता बाबू. मानीवर हे कुठून आलं?"

तिघांनी वर पाहिलं. चिंधी कोरडी. सरांनी पट्टीनं ढोसली तर नुसती धूळ पडली.

ऊन लागलं, असं सर म्हणतात. लागलं असेल. पण उन्हानं मान काळी होते, चिकट होत नाही. वहीच्या त्या पानावरचा डागही तसाच आहे, वासासकट. ते काय होतं, मला अजून कळलेलं नाही.

ओढणी धुऊन देतो म्हटलं, तर खाला म्हणाल्या, "वास जायेच ना, चुलीत घातली."

त्यांना एकदा आमच्या गावी नेणार आहे. सांगितलं, तिथल्या नदीत तळाचे गोटे दिसतात, लोक ओंजळीनं पाणी पितात. त्यांनी विळा खाली ठेवला. "नदीचं? पेतेत?"

पेतेत, खाला. तुम्हांला पहिली ओंजळ मीच भरून देणार.