पास्कूची बुडी

सात वर्षं मी ही हकिकत टाळली. ट्रेनिंगला आलेली मुलं विचारत, "सर, तुमच्या हाताखाली कधी अपघात झाला?" मी "किरकोळ" म्हणून पुढचा विषय घेई. त्या दिवसाच्या रिपोर्टवर सुपरवायझर म्हणून माझी सही आहे, आणि त्यातलं एक वाक्य खोटं आहे.

तारकर्लीसमोर चौदा मीटर पाण्यात बोयाची साखळी बदलायचं काम होतं. महेश खाली उतरला होता. अशा कामात डायव्हर पाठीवर टाकी घेत नाही. होडीवरचा कॉम्प्रेसर नळीतून त्याच्या मास्कमध्ये हवा पाठवतो. कमरेला दोरी असते. तिचं वरचं टोक ज्याच्या हातात, तो टेंडर. एक झटका म्हणजे ठीक. चार म्हणजे वर.

टेंडर होता पास्कू. देवबागचा, साठीचा. लहानपणापासून बुडी मारून कालवं काढलेला.

नियमाने आणखी एक डायव्हर पूर्ण तयारीत होडीवर बसलेला लागतो, खालच्याला काही झालं तर लगेच उतरायला. आमचा तापाने घरी होता. लॉगबुकात मी त्याचं नाव लिहून टाकलं होतं.

सकाळी वारा जमिनीकडून होता. कॉम्प्रेसरचं हवा ओढायचं तोंड आम्ही त्या बाजूला ठेवलं. इंजिनाचा धूर समुद्राकडे जात होता. होडी दोन्हीकडून नांगरलेली, त्यामुळे वाऱ्याबरोबर ती वळणार नव्हती.

अकराच्या सुमारास पास्कू म्हणाला, "साहेब, वारो फिरलो. मशीन आपलोच धूर गिळता."

"किती काम उरलंय?"

"काम ऱ्हवांदे. त्येका वर घेवया."

महेशला वर घ्यायचं, मशीन सरकवायचं, पुन्हा सोडायचं. पाऊण तास गेला असता. ठेकेदाराचे दोन फोन येऊन गेले होते. मी म्हणालो, "साखळीचा एकच शॅकल, शेवटची कडी, राहिलाय. दहा मिनिटं."

"तुमची धा मिन्टां माका म्हायत आसत," पास्कू पुटपुटला.

थोड्या वेळाने त्याने एक झटका दिला. उत्तर आलं नाही. पुन्हा दिला.

"साहेब, दोरी बोलणा नाय."

आम्ही ओढली. ती साखळीत अडकली होती. उतरायला दुसरा डायव्हर नव्हता. माझ्या कानाचा पडदा फाटल्यापासून मी पाण्यात जात नव्हतो. मी काही बोलायच्या आत पास्कूने दोरी माझ्या हातात दिली, शर्ट काढला, क्रूस काढला आणि दोरी धरून उतरला. मास्क नाही, फिन नाहीत.

हिरव्या पाण्यात त्याचे पांढरे तळवे थोडा वेळ दिसले, मग तेही गेले. मी घड्याळ लावलं. एक मिनिट झालं. होडी चालवणारा तांडेल देवाचं नाव घेत होता. चांगले चांगले डायव्हर मी पाहिलेत, पण साठीचा माणूस एका श्वासावर तळाला जाऊन, आंधळ्या पाण्यात गाठ शोधतोय, हे मला आजही पूर्ण पटत नाही. दीड मिनिट होऊन गेलं आणि हातातली दोरी जिवंत झाली. चार झटके, सावकाश, मोजून.

मी आणि तांडेलने महेशला वर ओढलं. बेशुद्ध होता, पण श्वास चालू होता. त्याच्या मागून पास्कू आला. नाकातून रक्त येत होतं. होडीची कड धरून त्याने विचारलं, "आसा मां?"

महेश चार दिवसांनी हॉस्पिटलमधून घरी गेला.

ठेकेदाराने विचारलं, "रिपोर्टमध्ये चूक कुणाची दाखवायची? मशीनकडे टेंडरच बघतो ना?"

मी लिहिलं : 'वारा बदलल्याची सूचना टेंडरने दिली नाही.' त्यानंतर पास्कूला या किनाऱ्यावर कुणी कामावर घेतलं नाही.

नंतर कित्येक साइटवर मी मुलांना एकच सांगत आलो : टेंडर 'वर घ्या' म्हणाला की वर घ्यायचं, कारण विचारायचं ते नंतर. असं का, ते मात्र सांगितलं नाही.

पास्कू गेल्या वर्षी वारला. त्याआधी एकदा मी त्याच्या घरी गेलो होतो, सगळं सांगायचं ठरवून. त्याने खुर्ची दिली, चहा आणला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मग तोच म्हणाला, "साहेब, त्या दिवशी चूक माझीच. वारो फिरल्यार तुमका इचारूक नको होता. सरळ चार झटके देवक व्हये होते."

मी चहा संपवला. म्हणालो, "जाऊ दे रे पास्कू, झालं ते झालं." जणू मीच त्याला माफ करत होतो.