वंदनाची फोडलेली काकडी

वंदना गेली ही बातमी मला अमरावतीहून नाही, पुण्याहून कळली. वंदना म्हणजे माझी धाकटी जाऊ. आमच्या अकोल्याहून तिचं अमरावतीचं घर गाडीने दोन तासांवर. पहाटे झोपेतच तिचं हृदय बंद पडलं आणि भाऊजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी, पहिला फोन केला तो पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीला. सख्ख्या थोरल्या भावाला नाही, वहिनीला नाही… पूर्वाला. पूर्वाने मला फोन लावला आणि हुंदक्यातून एवढंच म्हणाली, "आई, काकू गेली व." मला रडू आलंच. पण रडू यायच्या आधी मनात जे आलं ते असं, की हिला आधी कळवायचं कारण काय? गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मी चांगलंही बोलणार आहे, पण आमच्यात जे होतं ते झाकून बोलायचं म्हटलं तर लिहायला फार काही उरणार नाही.

मी त्या घरात तिच्या आधी आले. नव्या सुनेला एखादी गोष्ट आली की ती जन्माची तिच्या नावावर चढते. माझ्या नावावर काकडीची कोशिंबीर चढली. महालक्ष्म्यांच्या जेवणाला पन्नास पानं उठायची, आणि काकडी चोचवायला बसायची ती मीच. डाव्या तळहातावर सोललेली काकडी उभी धरायची, उजव्या हाताने विळीसारख्या धारेच्या सुरीने तिच्यावर बारीक बारीक घाव घालायचे, मग वरचा थर कापून पाडायचा. किसलेल्या काकडीचा लगदा होतो, चोचवलेलीचा दाणा राहतो. वर शेंगदाण्याचं कूट, हिरवी मिरची, हिंगाची फोडणी. सासूबाई कौतुकात फार कंजूस, पण पंगतीत वाढणारीला सांगायच्या, थोरलीची काकडी पहिल्यांदा वाढा. त्या एका वाक्यावर मी वर्षभर राबायची.

वंदना आली नांदगाव खंडेश्वरची. गोरी, हसरी, आणि स्वयंपाकात ढ. तिची भाकरी तव्यावर फुगायची नाही, वरणाला फोडणी करपायची. मी मनातल्या मनात सुखावले होते आणि वरवर तिला शिकवत होते. सुरीने चोचवायला बसवलं तर पहिल्याच दिवशी तळहात कापून घेतला. "ताई, माह्याच्यानं हे जन्मात होनार नाई," म्हणाली आणि स्वतःच हसत सुटली. हिला लाज कशी वाटत नाही, याचंच मला नवल वाटायचं. पुढे भाऊजींची बदली अमरावतीला झाली, त्यांनी तिथेच घर बांधलं, आणि सुरीचा प्रश्न मिटला असं मला वाटलं.

वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो. पुरणपोळी, भजी, वडे, सगळं आचाऱ्याचं. कोशिंबीर मी करणार हे गृहीत, म्हणून मी सुरीसुद्धा पिशवीत घालून नेलेली. आत जाऊन पाहते तर वंदना ओट्याशी उभी, समोर काकड्यांचा ढीग, आणि ही बाई लाटण्याने त्यांना बडवतेय! फटाफट. काकडी तडकायची, आडवीतिडवी फुटायची, मग ती हाताने तिचे ओबडधोबड तुकडे करायची. मोबाइलवर कुठल्याशा चिनी की कोरियन बाईचं पाहून शिकली होती. मी म्हटलं, अगं, नीट काप तरी. त्यावर तिने दिलेलं उत्तर मला अजून ऐकू येतं.

"ताई, काकडीले कापून नाई चालत. तिले फोडा लागते. फुटली का मंग ते रस पेते."

त्या दिवशी माझी सुरी पिशवीतच राहिली. तुकड्यांना मीठ लावून तिने ते चाळणीत ठेवले, सुटलेलं पाणी फेकून दिलं, आणि चाळणी फ्रीजमध्ये सरकवली. माणसं पानावर बसेपर्यंत मसाला घालायचा नाही, नाहीतर काकडी मऊ पडते, हे ती तीन-तीनदा सांगत होती. मग लसूण, तिखटाचे जाड कण, सोया सॉस, शिरका म्हणजे व्हिनेगर, चिमूटभर साखर. वर काळसर भाजलेले तीळ. आमच्याकडची तेल-तिखटावर भाकरी रेटणारी माणसं ती, पहिल्यांदा नाकं मुरडली, दुसऱ्यांदा मागून घेतली. कुरकुर आवाज पंगतीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू येत होता. सासूबाईंच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या पदराने नाक पुसत म्हणाल्या, "धाकटीची काकडी अजून आन व." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. काय तर म्हणे फोडलेली काकडी! हे तर बैलसुद्धा करेल, असं मी परतीच्या वाटेवर ह्यांना मूर्तिजापूर येईपर्यंत ऐकवलं. हे म्हणाले, पण चांगली होती. मग बडनेऱ्यापासून धरलेली खिडकीची सीट मी अकोल्यापर्यंत सोडली नाही आणि बोललेही नाही.

इथवर ठीक होतं. जावाजावांचं असं चालतंच. पण पूर्वाला अमरावतीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि ती काकूकडे राहायला गेली. माझी एकुलती एक. शनिवारी घरी यायची ती काकूच्या गोष्टींची पोतडी घेऊनच. काकूने हे आणलं, काकू गाडी चालवायला शिकली, काकूबरोबर पिक्चर पाहिला. मी तिच्या आवडीची कोशिंबीर चोचवून ठेवायची, ती दोन घास खायची आणि म्हणायची, "छान आहे आई. पन काकूसारखी कर ना एकदा." छान आहे! परक्या घरच्या पाहुणीने म्हणावं तसं. मिरच्या झोंबतात म्हणतात ते खोटं नाही, बाहेरच्या अंगाला नाही झोंबत त्या.

वंदनाला विचारलं असतं तर तिने हसत सगळं सांगितलं असतं. म्हणूनच विचारलं नाही. मीही मोबाइल उघडला, पाहिलं, यात तिळाचं तेल लागतं. म्हटलं, त्यात काय, आपल्या कोपऱ्यावर मिळतं. पूर्वाच्या वाढदिवसाला तिच्या मैत्रिणी आल्या, वंदना-भाऊजीही आले, आणि मी मोठ्या ऐटीत काचेच्या भांड्यातून फोडलेली काकडी टेबलावर आणली. पहिला घास घेऊन पोरी एकमेकींकडे पाहू लागल्या. पूर्वा म्हणाली, आई, याला मारोतीच्या देवळाचा वास येतोय. मी आणलेलं तेल दिव्याचं होतं, शनिवारी देवळात वाहायला नेतात ते! सगळ्या हसल्या. वंदना तेवढी हसली नाही. तिने चमच्याने भरभर खाल्लं, पुन्हा वाढून घेतलं आणि म्हणाली की मस्त झाली. ती हसली असती तर बरं झालं असतं, निदान मला तिच्यावर रागावता आलं असतं.

आमची शेवटची भेट यंदाच्या उन्हाळ्यातली. पूर्वा सुट्टीवर आलेली, म्हणून वंदना अकोल्याला दोन दिवस राहायला आली. बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं. त्या दोघी माझ्या स्वयंपाकघरात होत्या आणि मी बाहेर ताटं मांडत होते. कशावर हसत होत्या कोण जाणे… मध्येच लाटण्याचा आवाज, मध्येच खिदळणं. मी दारातून पाहिलं. वंदनाने कढल्यात आपलं साधं शेंगदाण्याचं तेल तापवलं, त्यात तीळ टाकले, चांगले तपकिरी होऊ दिले, आणि ते कडकडीत तेल लसूण-तिखटावर ओतलं. चर्र झालं. म्हणजे देवळातल्या तेलाची गरजच नव्हती. तीळ किती, शिरका कधी, मीठ कोणत्या बोटांनी, सगळं मी दारात उभं राहून पाहिलं. प्रेमाने बघणारा माणूस अर्ध्यात डोळे मिटतो. जळणारा मिटत नाही.

तेरवीनंतर पूर्वा माझ्याबरोबर अकोल्याला आली ती गप्पच. ऑफिसचं काम घरून करायची, विचारलं तेवढं बोलायची, आणि ताटावरून उठून जायची. वरण-भात उष्टा, भाकरी तशीच. मी शेवभाजी केली, वांग्याचं भरीत केलं, तिची कोशिंबीर तर रोज चोचवली. नको म्हणायची. तिचे गाल बसले होते. आईचं अन्न पोरीच्या घशाखाली उतरू नये आणि त्याला कारण मेलेली जाऊ असावी… वंदने, तुला हे शोभत नाही, असं मी ओट्याशी उभी राहून तिला चांगलं मोठ्याने सुनावलं.

मग एका दुपारी मी काकड्या घेतल्या आणि लाटणं उचललं. पहिला घाव हळू बसला, काकडी नुसती घरंगळली. दुसरा जोरात. तिसऱ्यानंतर मला थांबताच येईना. आवाज ऐकून पूर्वा लॅपटॉप सोडून दारात आली, उन्हाळ्यात मी उभी होते तिथेच, आणि पाहत राहिली. मी मागे वळले नाही. पाणी फेकलं, तीळ तपकिरी केले, तेल ओतलं. ती पानावर बसल्याशिवाय मसाला घातला नाही.

तिने पहिला घास घेतला. कुरकुर चावला, डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं. तिखटाने की कशाने, मी विचारलं नाही. ती कोणाजवळ जाऊन बसली आहे हे मला समोरून स्पष्ट दिसत होतं, आणि तिथे मला जागा नव्हती. माझ्या घरात, माझ्या हातचं खाऊन. भाकरी मागितली, मी दिली. वाटी रिकामी झाली, मी भरली. बऱ्याच दिवसांनी ती पोटभर जेवली. मग बोटं चाटत तिने विचारलं,

"आई, एकदम काकूसारखी झाली. तुले अशी येत होती तं आधी कधी काहून नाई केली?"

मी तिच्या ताटात उरलेली सगळी काकडी वाढली.

"आधी वंदना होती ना," मी म्हटलं.