मांडीवरचा ठोकळा

देवाविषयी लिहायची मला सवय नाही. नांदेडच्या एका दैनिकात बरीच वर्षं बातम्या लिहिल्या. जे दोघांकडून पक्कं कळत नाही ते छापायचं नाही, एवढा एकच नियम पाळला. माहूरची रेणुका आमची कुलदेवता, पण तिची ओटी भरणं हे मी बायकोचं काम मानत आलो. त्या उन्हाळ्यात माझ्याकडे दोनच विषय होते: दुष्काळ, आणि किनवट वेगळा जिल्हा होणार की नाही. त्यातच आमच्या पाच वर्षांच्या मुलीच्या पोटात गाठ निघाली.

गाठीचा बारीकसा तुकडा तपासायला काढताना तिला फार रक्तस्राव झाला. गाठ कर्करोगाची आहे हे त्या तुकड्यावरून कळलं. ती किती वेगाने वाढेल हे कळायचं होतं. डॉक्टरांनी समजावलं, की वाढत्या पेशींमध्ये एक ठरावीक प्रथिन असतं. तुकड्याचे पातळ काप करून त्यांवर रंगाची प्रक्रिया केली, की ते प्रथिन असलेल्या पेशी तपकिरी दिसतात. तपकिरी पेशी पुष्कळ निघाल्या, तर औषधं जास्त कडक आणि आशा कमी. ही तपासणी लातूरला व्हायची होती. तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला होता, काड्यापेटीहून लहान. "एवढा एकच आहे. उष्णतेपासून जपा," डॉक्टर म्हणाले. "हा खराब झाला तर पोरीला पुन्हा भूल द्यावी लागेल, आणि ते मला नकोय."

बायकोने ठोकळ्याची डबी देवीच्या ओटीतल्या लाल खणात बांधली. "अहो, मांडीवरून खाली ठेवू नका," ती म्हणाली. मी हो म्हटलं. मनात आलं, खण गुंडाळून प्रथिन कमी होतं का? पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून डबी तशीच पिशवीत ठेवली.

लातूरच्या बसमध्ये उभं राहायला जागा नव्हती. मी पुढे, ड्रायव्हरजवळ उभा होतो. "पिशवी बॉनेटवर ठेवा की सायब," ड्रायव्हर म्हणाला. त्याच्या शेजारी इंजिनावरच्या त्या पत्र्यावर सगळेच सामान ठेवतात. वर्षानुवर्षं मीही ठेवत आलो. हात आपोआप गेला. पिशवी ठेवली आणि दांडी धरली. पाठीमागे नव्या जिल्ह्यावरून दोघांची जुंपली होती. "जिल्हा झाला की मोठा दवाखाना येतो बघा," एक जण म्हणाला. "जिल्हा देतेत, पाणी कवा देतेत ते इच्यार!" दुसऱ्याने सुनावलं, आणि बस हसली. मी सवयीने ते वाक्य मनात टिपून ठेवत होतो.

तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईने माझी बाही ओढली. पायांत पाण्याची पाच लिटरची कॅन धरून ती बसली होती. पिशवीतून खणाचं टोक बाहेर आलं होतं, त्याच्याकडे तिचं लक्ष होतं.

"आईचा खण हाय न्हवं त्यो?"

"हो."

"मग तापल्या पत्र्यावर ठेवून राहिलात व्हय? काय माणूस हाय! मांडीवर घ्या आधी."

मांडी कुठून आणू, असं मी म्हणायच्या आत तिने अंग चोरून बोटभर जागा केली. मी पिशवी उचलली. डबी हाताला चटका देत होती. उघडून पाहिलं, तर मेणाच्या कडा मऊ पडलेल्या. तिने विचारलं, आणि मी सगळं सांगून टाकलं.

तिने कॅनचं झाकण काढून खण भिजवला, डबीभोवती गुंडाळला आणि खिडकीच्या वाऱ्याला धरायला सांगितला. लोह्याच्या थांब्यावर पुन्हा पाणी ओतलं, अहमदपुरात पुन्हा. ती अर्धापूरची होती. लातुरात तिची लेक बाळंत झाली होती. तिथे नळ कधी येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून हे पाणी नातवाच्या आंघोळीला निघालं होतं. लातूर आलं तेव्हा कॅन निम्मी झाली होती. मी संकोचून काही बोलू लागलो, तर म्हणाली, "अवो, लेकराचं पाणी लेकरालाच लागलं. जावा बिगी बिगी." मी नाव विचारेपर्यंत ती गर्दीत उतरून गेली.

प्रयोगशाळेतल्या माणसाने ठोकळा उलटसुलट करून पाहिला. "कडा बिघडल्यात, आतला तुकडा शाबूत आहे." आठवड्याने अहवाल आला. तपकिरी पेशी थोड्याच होत्या. गाठ सावकाश वाढणारी होती.

त्या पाण्याने प्रथिन कमी झालं, असं मी म्हणत नाही. उत्तर मेणात आधीच होतं, चांगलं असो वा वाईट. माझ्याकडे फक्त ते जपून न्यायचं काम होतं, आणि तेवढंही मला एकट्याला जमलं नाही. मला त्या डबीतलं सगळं शास्त्र ठाऊक होतं, तरी मी ती पत्र्यावर ठेवली. त्या बाईला फक्त खण ठाऊक होता. त्या दिवसापासून जे माझ्या हाती नाही ते आईवर सोपवतो, आणि जे हाती आहे ते नीट धरतो.

उपचार संपल्यावर आम्ही माहूरला गेलो. पोर पायऱ्या स्वतः चढली. आईसमोर उभा राहिलो, पण मागायला काही सुचलं नाही. परतीच्या बसमध्ये ड्रायव्हर म्हणाला, "पिशवी ठेवा की बॉनेटवर." मी ठेवली. मांडीवर पोर झोपली होती.