साखर कारखान्यापर्यंत न पोचलेला मेल

राणीसावरगावच्या बाजूला एका खेड्यात मी शिक्षिका आहे. दिवाळी झाली की आमच्या वर्गातली काही मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला पश्चिमेकडे जातात. कोणतं मूल कुठल्या कारखान्यावर चाललंय, ते घरच्यांनी सांगितलं की आम्ही शिक्षकांच्या ई-मेल गटावर कळवतो. तिथल्या शिक्षकाने तोडकऱ्यांच्या कोप्यांवर, त्या पाचटाच्या झोपड्यांवर, जाऊन मुलाला जवळच्या शाळेत न्यायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर सुप्रभातच्या फुलांत कामाचं काही सापडत नसे, म्हणून मेल. ‘मिळाला’, ‘धन्यवाद’ लिहून गर्दी करायची नाही, हा आमचाच नियम. अडचण असेल त्यानेच लिहावं.

त्या वर्षी सहावीतल्या एका मुलीचं मी वेळेत कळवलं. कोणी काही लिहिलं नाही, म्हणजे काम झालं.

हंगाम संपून माणसं परतली, तशी मी तिच्या घरी गेले.

“लय वाट बघितली, बाई,” आई म्हणाली. “पोरगी दप्तर घेऊन कोपीच्या तोंडाशी बसायची. कुनीच आलं न्हाई.”

“अगं, मी कळवलं होतं.”

“कळवलं आसंल की. पर आलं कोन?”

तिथल्या शिक्षकाला फोन केला. त्याला माझा मेलच मिळाला नव्हता. मग गट सांभाळणाऱ्या निवृत्त सरांना लावला.

“तुमचं काही आलं की मागोमाग इंग्रजीत ढीगभर यायचं,” सर म्हणाले. “मला वाटलं, जाहिराती. पुसून टाकायचो.”

“जाहिराती माझ्याच मेलची वाट बघत बसतात का, सर?”

सरांनी पुसलेलं पुन्हा काढून पाहिलं. त्या जाहिराती नव्हत्या, परत आलेले माझे मेल होते. मेलवर पाठवणाऱ्याच्या मेल कंपनीची, डोळ्यांना न दिसणारी एक सही असते. गटाची यंत्रणा माझ्या मजकुराखाली गटाच्या नावाची एक ओळ जोडायची आणि तो माझ्याच नावाने सगळ्यांना धाडायची. मजकूर बदलला की सही जुळत नाही. शिवाय पाठवणारं यंत्रही माझ्या मेल कंपनीचं नाही. त्या कंपनीने नियम कडक केले होते, गटातल्या इतरांच्या कंपन्यांनी नव्हते; त्यामुळे घेणाऱ्यांकडे माझा मेल बनावट ठरून बाहेरूनच परत फिरायचा, तोही माझ्याकडे नाही, गट सांभाळणाऱ्या सरांकडे.

सरांनी ती ओळ काढली, मेल गटाच्या पत्त्यावरून जातील अशी सोय केली. ‘मिळाला’ लिहायचंच, असंही ठरलं.

जूनमध्ये शाळा उघडली. मुलगी आली नाही, म्हणून पुन्हा गेले. ती अंगणात भांडी घासत होती. तिने वर पाहिलं नाही.

“आता कशाला, बाई?” आई म्हणाली. “वर्ष तर गेलंच. मोळ्या बांधायला चांगली शिकलीय. मुकादम म्हनायलाय, औंदा हिलाबी कामावर धरू.”

मी बोलायचं ते बोलले. आईने चहा दिला.

दिवाळीनंतर मी जाणाऱ्या मुलांची नावं गटावर टाकली. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं ‘मिळाला’ आलं. तिचं नाव माझ्या यादीत नव्हतं. ती त्याच कारखान्यावर गेली होती, पण शाळेत न्यायला या म्हणून कळवावं असं आता तिच्या घरी कोणालाच वाटत नव्हतं.