कडू पाला

त्या प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यांची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे मामा म्हणत. लाड करावेत तर यांनीच! अस्वलाने तोंड फिरवलं, की यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

दूरच्या डोंगरातून पाला खाणारी माकडं आली. पालेवाली ताई रोज सकाळी फांद्यांचा भारा आणून टाकी. पिंजऱ्यात जाईल ते आधी स्वतःच्या तोंडात, हा मामांचा नेम. त्यांनी एक पान चावलं मात्र, थू थू करत नळाकडे धावले.

"अहो ताई, वैऱ्यालाही असलं घालू नये!"

"वैऱ्याला कुठे घालतेय? डॉक्टरांनीच सांगितलाय हा पाला."

"मग डॉक्टरांनाच खाऊन दाखवा म्हणावं!"

सगळे खो खो हसले. ताईचा चेहरा पडला, पण मामांना स्वतःचंच कौतुक वाटलं. त्या दिवसापासून पाला गुपचूप मागच्या खड्ड्यात आणि माकडांपुढे पिकलेली केळी. माकडं तुटून पडत. किती दिवसांची उपाशी होती बिचारी, असं म्हणत मामा डोळे टिपत.

आठवडाही गेला नसेल, सगळ्यांत धाकटं पिल्लू पोट फुगून मेलं. त्याची आईही कोपऱ्यात पोट धरून बसली. डॉक्टर आल्या त्या तणतणतच.

"ताई, कसला पाला आणलात? उद्यापासून येऊ नका."

"नेहमीचाच आहे हो! मामा, तुम्ही तरी सांगा. रोज धुऊन तुमच्याच हातात देते ना?"

मामा पेचात पडले. बोलावं तर अब्रू जाते, गप्प बसावं तर या बाईच्या पोटावर पाय येतो. ते गप्पच बसले. ताई पदराने डोळे पुसत फाटकापर्यंत गेली, तेव्हा कुठे त्यांना वाचा फुटली.

"पाला मी फेकला. केळी घातली मी."

डॉक्टर कपाळाला हात लावून खाली बसल्या. "अहो मामा, पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या रानात हाच पाला. तुम्हाला लागतो तेवढा कडू त्यांना लागतच नाही. पोटही पाल्याचंच. गोडाने आत सगळं आंबतं."

धरणीने पोटात घ्यावं असं मामांना झालं. पिल्लाची शरम होतीच, पण ताई फाटकाकडे चालत असताना आपण तोंड शिवून उभे होतो, त्याची जास्त.

डॉक्टरांनी हाक मारली तशी ताई परत आली. चार शिव्या घालील म्हणून मामा मान खाली घालून थांबले. तिने भाऱ्यातली एक फांदी ओढून त्यांच्या हातात दिली.

"घाला तुम्हीच."

मामांनी फांदी गजांतून आत सरकवली. पिल्लाच्या आईने ती हुंगली, एकेक पान ओरबाडून चवीने खाल्लं आणि मामांचा हात धरून तिथेच बसून राहिली. तिने कडकडून चावा घेतला असता, तर त्यांना बरं वाटलं असतं.