चंदगडची शांतता आणि भाताची गिरणी

इचलकरंजीत आमची खोली मागाच्या शेडला लागून होती. आबा माग चालवायचे, आई कांड्या भरायची (धोट्यात बसवायच्या सुताच्या गुंडाळ्या). लाईट जाऊन माग थांबले, की झोपलेली माणसं दचकून जागी व्हायची. त्या खडखडाटात अभ्यास करून मी बी.ए. झालो. आमच्या घरात पहिला.

पुढे, नव्वदच्या दशकात, एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी मागवाल्यांवर कथा मागितली. आठ दिवस उरले तरी कागद कोरा. "शांत ठिकाणी जा," मित्र म्हणाला आणि त्यानं चंदगडकडच्या आपल्या मावशीचा पत्ता दिला.

गडहिंग्लजहून एसटी धरली. नेसरी मागं पडल्यावर ऊस विरळ झाला, भाताची खाचरं आणि काजूची झाडं लागली. गाडीच्या खिडक्या खडखडत होत्या. दोन वाक्यं सुचली, उतरेपर्यंत विसरलोही.

मावशींना सगळे अक्का (कन्नडमध्ये थोरली बहीण) म्हणायचे. गरम भात, कुळथाचं पिठलं, वर आग्रह. पावसानं उघडीप दिली होती. शांतता एवढी, की घड्याळाचाही त्रास व्हावा.

तिसऱ्या दिवशी अक्का म्हणाल्या, "पावणं, कागद कोराच हाय की!"

"सुचंनाच झालंय, अक्का."

"मग उठा. भाताचं पोतं गिरणीला न्या. निदान खाल्ल्या भाताला तरी जागा!"

सायकलवर पोतं घालून गेलो. गिरणीत पट्टा फटफटत होता, पत्रे थरथरत होते, पायाखालची फरशी हलत होती. नंबर लावून बसलो आणि आबांची बोटं डोळ्यांपुढं आली, न बघता तुटल्या धाग्याला गाठ मारणारी. खिशातला कागद काढला.

"ओ पावणं!" गिरणीवाले चाचा ओरडले. "भात कांडून कवाच झालं! लिवताय काय एवढं? गिरणीची तक्रार न्हाय न्हवं?"

"न्हाय चाचा, आमच्या आबांचं लिवतोय. इथंच जरा बसू का?"

"बसा की. पर आवाज लई हाय."

"आवाजच पायजे, चाचा."

त्यांनी मानेनंच 'येडं हाय' म्हटलं आणि बसायला तेलाचा रिकामा डबा सरकवला. उशिरा परतलो, तर अक्का दारात. "भात कांडायला गेलतासा का पेरायला?"

दुसऱ्याच दिवशी घर गाठलं आणि उरलेली कथा शेडमध्ये बसून पुरी केली. आबांना वाचता येत नव्हतं. वाचून दाखवायला मी माग बंद करू लागलो, तर म्हणाले, "माग कशाला थांबवतोस? मोठ्यानं वाच की!"

अंकात आभाराला जागा नव्हती, म्हणून अक्कांचे आणि चाचांचे आभार इथं मानतो. कथा वेळेत पोचली. त्या दिवाळीत छापून आली. आमच्या घरातलं ते पहिलं छापील नाव.